पिंक फ्लॉइडची थोरवी नेमकी कशात?

मागच्या वेळी सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब, प्रयोगशील रचनांच्या रॉक संगीताचा, विषय ओझरता निघाला आणि त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच बँडबद्दल होती : पिंक फ्लॉइड. त्यातले काही प्रश्न घेतो.

प्रश्न : मुलगा रोज रात्री पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम लावतो. मी दोनदा नेटाने ऐकला, पण गाणं सुरू व्हायलाच इतका वेळ लागतो की कंटाळा येतो. हा बँड खरंच एवढा मोठा आहे, की नुसताच बोलबाला? (नाशिक)

मोठा आहे. तुम्हाला जिथे कंटाळा येतो, नेमकं तिथेच त्यांचं काम चाललेलं असतं. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्यांचं १९७१ सालचं ‘एकोज’ घ्या. बँडचा कीबोर्डवादक रिक राइटने पियानोचा एकच वरचा स्वर दाबला आणि तो लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून बाहेर काढला. रिकाम्या टाकीत थेंब पडावा तसा तो वाजतो, विरतो, पुन्हा वाजतो. त्या थेंबापासून साडेतेवीस मिनिटांची रचना उभी राहिली. मुलाबरोबर दिवा मालवून एकदा सलग ऐका, फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको.

प्रश्न : मी गिटार शिकतो. येस किंवा इमर्सन, लेक अँड पामर ऐकल्यावर पिंक फ्लॉइडचं वादन अगदीच सोपं वाटतं. मग यांचं नाव सगळ्यांच्या वर का? (पुणे)

हाताच्या तयारीचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. ‘येस’च्या स्टीव्ह हाउची गिटारवरची बोटं किंवा कीबोर्डवरचा कीथ इमर्सनचा वेग पिंक फ्लॉइडच्या चौघांकडे नव्हता. सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट १९६८ मध्ये बाहेर पडल्यावर दोन-तीन वर्षं ते चाचपडतच होते, आणि ‘ॲटम हार्ट मदर’ या अल्बमबद्दल तर पुढे त्यांनी स्वतःच नापसंती दाखवली. पण लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ त्यांनी वाद्यासारखा वापरला, तसा त्या काळात फार थोड्यांनी वापरला.

‘डार्क साइड’मधल्या ‘मनी’ या गाण्याच्या सुरुवातीचा गल्ल्याचा आवाज आठवा. बेस गिटार वाजवणाऱ्या रॉजर वॉटर्सची पत्नी मातीची भांडी करायची. ती माती कालवायच्या तिच्या भांड्यात त्याने नाणी टाकली आणि तो आवाज टेप केला. मग कागद फाटल्याचा, गल्ल्याच्या यंत्राचा असे आवाज जमवले. प्रत्येक आवाजाची टेप पट्टीने मोजून सारख्या लांबीची कापली, सात तुकडे चिकटवून त्यांचं वेटोळं केलं आणि ते फिरवत ठेवलं. हे सगळं हातांनी, ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन. त्याच गाण्यात गिटारवादक डेव्हिड गिल्मरचा सोलो मधेच एकदम कोरडा होतो, सगळा घुमारा काढून घेतलेला, जणू गिटार तुमच्या समोरच्या खुर्चीवर वाजते आहे. तिथे स्वरही मोजकेच आहेत. गिटार शिकणाऱ्याने त्या ओळी जरूर बसवाव्यात. बोटं लवकर बसतील, दोन स्वरांमधलं थांबणं मात्र सहज जमणार नाही.

प्रश्न : ‘मनी’ सात मात्रांचं आहे असं वाचलं. मी तबला वाजवतो. मग तो रूपकच झाला की! (सांगली)

मात्रा सातच, पण रूपक नव्हे. रूपकाची पहिलीच मात्रा खाली, आणि विभाग तीन-दोन-दोन. इथे बेस गिटार पहिल्या मात्रेवर दणकून पाय रोवते आणि पुढची चाल कानाला चार अधिक तीन अशी लागते. ‘तीं तीं ना’ म्हणत बसलात तर वजन उलटंपालटं होईल. टाळी धरून ऐका : सॅक्सोफोनचा सोलो सातातच आहे, पण गिटार आली की गाणं चारात जातं आणि सोलो आटोपला की पुन्हा सातात येतं. तो बदल इतका सहज आहे की कित्येकांना वर्षानुवर्षं ऐकूनही कळत नाही. अवघड ताल अवघड न वाटू देणं ही मला मोठी कारागिरी वाटते.

प्रश्न : अमेरिकेच्या खपाच्या यादीत ‘द डार्क साइड ऑफ द मून’ शेकडो आठवडे होता म्हणे. हा पुरावा पुरेसा नाही का? (ठाणे)

१९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे. पहिल्या क्रमांकावर मात्र एकच आठवडा. खपावरून थोरवी मी मोजणार नाही, पण पंधरा वर्षं नवे कान मिळत राहिले याची नोंद घ्यायला हवी.

प्रश्न : वॉटर्स मोठा की गिल्मर? (पणजी)

या भांडणात रिक राइट विसरला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शब्द आणि कल्पना वॉटर्सच्या, गळा आणि गिटार गिल्मरची, हे मान्य. पण त्या आवाजातला ओलावा राइटचा आहे. त्याच अल्बममधल्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ची पियानोवरची रचना त्याची. त्यावर बाहेरून बोलावलेल्या क्लेअर टोरी या गायिकेने शब्दांवाचून जो आकांत गायला, त्याचे तिला त्या वेळी ३० पौंड मिळाले. रचनेचं श्रेय मिळवायला तिला २००४ मध्ये कोर्टात जावं लागलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि राइटच्या नावाशेजारी तिचं नाव आलं. बँडच्या थोरवीतला हा डाग आहे आणि तो झाकू नये.

खुद्द राइटलाही ‘द वॉल’ या अल्बमच्या वेळी वॉटर्सने बाहेर काढलं आणि त्या दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. पुढचे अल्बम ऐकताना मला ती पोकळी जाणवते. वॉटर्स १९८५ मध्ये बँड सोडून गेला त्याची चर्चा जास्त होते. माझ्या मते पडझड त्याच्या आधीच सुरू झाली होती.

राइट २००८ मध्ये वारला. ‘डार्क साइड’मधल्या ‘ब्रीद’ या गाण्यात कडवं संपून गाणं मूळ कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) परतण्याच्या अगदी आधी एक कॉर्ड येते, किंचित आंबट, जॅझच्या घरातली. जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधून ती उचलल्याचं त्याने स्वतः सांगितलं होतं. आज रात्री तेवढी एक जागा ऐका.