आधी रेकॉर्ड, मग निकालपत्र

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. खुनाच्या खटल्यातलं जन्मठेपेचं निकालपत्र तीन वेळा वाचलंस, तिन्ही वेळा आरोपी दोषीच वाटला, मग अपिलात मांडायचं काय, असं विचारतेस. अगं, निकालपत्र पटावं म्हणूनच लिहिलेलं असतं. सत्र न्यायाधीशांनी शे-सव्वाशे पानांत जे जुळवून ठेवलंय ते तुला जुळलेलंच दिसणार. ज्या कागदांवरून जुळवलं ते कागद, म्हणजे रेकॉर्ड, वाचलेस का? तुझ्या चार पानी पत्रात एकाही निशाणीचा, म्हणजे कोर्टाने पुराव्यात घेतलेल्या कागदाचा, क्रमांक नाही, यातच उत्तर आलं. आधी रेकॉर्ड, मग निकालपत्र. हे वाक्य पुढे पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाच.

मुदतीचं उरकून टाकू. जन्मठेपेविरुद्ध हायकोर्टात जायला ६० दिवस, फाशी असती तर ३०. प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस यातून वजा होतात, आणि आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य मिळते. तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४१५(२), जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३७४(२). खटला सोलापूरचा आहे, म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून ते काम मुंबईला नाही, कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. वकीलपत्रावर सही तुरुंगातून, अधीक्षकांच्या साक्षांकनासह. आणि घरचे शेत विकायला निघालेत असं लिहिलंस, त्यांना थांबव. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तू स्वतः त्या पॅनलवरून काम करू शकतेस का, ते बघ.

हेही लक्षात ठेव की पुराव्याची झडती हक्काने पुन्हा मागण्याची ही शेवटची जागा. सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३६ खाली आधी परवानगीच मागावी लागते, आणि तिथे साक्षीपुरावा नव्याने चाळायला सहसा कोणी बसत नाही. हायकोर्टात जो कागद दाखवायचा राहिला, तो बहुतेक कायमचा राहिला.

आता वाचायचं कसं. पहिल्यांदा फिर्याद. मग इन्क्वेस्ट (मृतदेहाचा पंचनामा), घटनास्थळ पंचनामा, पीएम नोट्स (शवविच्छेदनाच्या नोंदी). मग साक्षीदार क्रमाने, सरतपास (त्याला आणणाऱ्या पक्षाचे प्रश्न) आणि उलटतपास (विरुद्ध पक्षाचे) दोन्ही. मग आरोपीचा जुन्या कलम ३१३ खालचा जबाब (पुराव्यातली विरोधी परिस्थिती पुढे ठेवून कोर्ट घेतं तो), म्हणजे आताचं कलम ३५१. सीए अहवाल (रासायनिक विश्लेषकाचा), रोजनामा (कोर्टाच्या दर तारखेच्या कामाची नोंद). निकालपत्र सगळ्यात शेवटी. वाचताना तक्ता कर: साक्षीदार क्रमांक, तो कशासाठी आणला, सरतपासात काय म्हणाला, उलटतपासात काय कबूल केलं, परिच्छेद, निशाणी. शेवटचा रकाना रिकामा सोड. त्यात निकालपत्राने त्या मुद्द्याचं काय केलं ते नंतर भरायचं. अपिलाचे मुद्दे त्याच रकान्यात सापडतात. निकालपत्र आधी वाचून तक्ता केलास तर न्यायाधीशांना जे दिसलं तेवढंच तुला दिसेल, आणि जे त्यांनी सोडलं तेच तूही सोडशील.

नमुन्यादाखल तुझ्याच स्कॅनमधले दोन कागद उघडले. ‘चाकू काढून देतो’ असं आरोपीने सांगितल्याचा निवेदन पंचनामा १०.१० ला सुरू, १०.३० ला पूर्ण. जप्ती पंचनाम्यावर सुरुवातीची वेळ १०.४०. चाकू सापडला ती जागा ठाण्यापासून १४ किलोमीटर, शेवटचा टप्पा पायी. दहा मिनिटांत? पण लगेच उड्या मारू नकोस. कित्येक जप्ती पंचनाम्यांत सुरुवातीची वेळ म्हणजे ठाण्यातून निघाल्याची वेळ असते. मजकूर वाच. ‘येथून शासकीय वाहनाने निघून’ असं आत असेल तर मुद्दा मेला, आणि तो कोर्टात मरण्याऐवजी तुझ्या टेबलावर मेलेला बरा. नसेल, तर स्टेशन डायरीतली निघाल्याची नोंद रेकॉर्डवर आणली होती का, तपासी अंमलदाराला त्यावर प्रश्न विचारला होता का, हे शोध. विचारलाच नसेल तर वेळेची विसंगती एकटी फार लांब जात नाही.

त्याच निवेदनात वाक्य आहे, ‘ज्या चाकूने मी त्यास मारले तो चाकू मी लपवून ठेवला आहे’. निकालपत्राने ते अख्खं वापरलंय. तसं वापरता येत नाही. पुलुकुरी कोट्टय्या निकाल, १९४७, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय): जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली, म्हणजे आताच्या साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकाखाली, शोध लागला तो वस्तू कुठे आहे आणि ते आरोपीला माहीत होतं याचा. ‘ज्या चाकूने मारले’ हा पोलिसांपुढचा कबुलीजबाब, तो गाळायचा. तो गाळला की उरतं एवढंच की झुडपात एक चाकू आहे हे त्याला ठाऊक होतं. त्या चाकूने खून झाला हे स्वतंत्रपणे सिद्ध करायला लागतं, आणि खरी गंमत तिथे सुरू होते.

पंचनाम्याचा पंच फितूर झालाय, म्हणजे कोर्टात उलटलाय. तेवढ्याने जप्ती पडत नाही, तपासी अंमलदाराच्या साक्षीवरही ती टिकू शकते. पण मग त्या अंमलदाराने आरोपीचे नेमके शब्द कोर्टात सांगायला हवेत. ‘त्याने निवेदन दिले, पंचनामा केला, सही माझी आहे’ एवढं पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ पासून अनेकदा बजावलंय. त्याचा सरतपास काढ, तो परिच्छेद शब्दशः उतरवून घे.

मग सील. जप्ती पंचनाम्यात ‘पाकीटबंद केले’ आहे, लाखेच्या सीलचा शब्द नाही. सीए अहवालाच्या पहिल्या भागात ‘सील शाबूत, नमुन्याप्रमाणे’ असेल. कुठला नमुना? सीलचा तो नमुना प्रयोगशाळेला लिहिलेल्या फॉरवर्डिंग पत्रासोबत जायला हवा. चाकू जप्त झाला त्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या पोचेपर्यंत कुठे होता, याच्या कड्या मोज: जप्त करणारा, मुद्देमाल कारकून, मुद्देमाल रजिस्टरची नोंद, घेऊन जाणारा शिपाई, पोचपावती. कारकून आणि शिपाई तपासले नसतील आणि मध्ये तीन आठवडे गेले असतील, तर हा मुद्दा तुझ्या अपिलाचा कणा होऊ शकतो. निव्वळ उशीर नव्हे, हं. उशीर अधिक सीलचा पुरावा नाही, असं एकत्र मांडायचं.

सीए अहवालात चाकूवर ‘मानवी रक्त, गट अनिर्णित’ असेल तर तो मृताशी चाकू जोडत नाही. गट जुळला असेल तर मृताच्या रक्तनमुन्याचा अहवाल शोध. पुष्कळदा मृताचाच गट अनिर्णित आलेला असतो आणि जुळवणी कपड्यांवरच्या डागावरून केलेली असते. आरोपीचा गट काढलाय का, तो तोच आहे का, हेही बघ. आणि डॉक्टरांची साक्ष: तोच चाकू दाखवून ‘या जखमा याने होऊ शकतात का’ विचारलं होतं का? पात्याची रुंदी जप्ती पंचनाम्यात सेंटिमीटरमध्ये असते, जखमेची मापं पीएम नोट्सच्या रकाना १७ मध्ये. दोन्ही शेजारी लिही.

हे सगळं निकालपत्रात एका ओळीत आलेलं असेल: ‘रक्ताने माखलेला चाकू आरोपीकडून हस्तगत झाला.’ आता कळलं, आधी रेकॉर्ड का?

मोबाईलचा मुद्दा तू पहिल्या क्रमांकावर ठेवलायस, तो खाली आण. सीडीआरला (मोबाईल कॉलच्या नोंदींना) जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र नाही हे खरं, आणि २०१४ च्या अन्वर आणि २०२० च्या अर्जुन खोतकर निकालानंतर ते लागतंच. पण खालच्या कोर्टात निशाणी पडताना बचावाने हरकत घेतली होती का? २०१७ साली हरियाणातल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की सिद्ध करण्याच्या पद्धतीबद्दलची हरकत अपिलात पहिल्यांदा घेता येणार नाही. साक्ष आणि रोजनामा दोन्हींत हरकतीची नोंद शोध. शिवाय फार गाजावाजा केलास तर सरकार पक्ष अतिरिक्त पुराव्याचा अर्ज घेऊन येईल. त्यापेक्षा मजकुरावर बोल. टॉवर परिसर सांगतो, जागा नाही. आरोपीचं घर त्याच टॉवरखाली येतं का? येत असेल तर तो घरी होता एवढंच त्यातून निघतं.

मृत आणि आरोपी ‘शेवटचं एकत्र दिसले’ म्हणणाऱ्या साक्षीदाराच्या जबाबाची तारीख बघ. खून झाल्यावर तो किती दिवस गप्प होता? पोलीस जबाबात नसलेलं कोर्टात सांगितलं असेल तर ती जबाबातून वगळलेली बाब तपासी अंमलदाराच्या तोंडून सिद्ध झाली आहे का, हे पाहायला विसरू नकोस. साक्षीदाराला विचारलं आणि अंमलदाराला विचारायचं राहिलं, असं ढीगभर खटल्यांत असतं. मग ती विसंगती कागदावर दिसते पण वापरता येत नाही. दिसणं आणि मृत्यूची वेळ यांत किती तासांचं अंतर आहे तेही पीएम नोट्सवरून काढ. मध्ये तिसरा माणूस येण्याइतकी फट असेल तर हा दुवा सैल पडतो.

३१३ चे प्रश्न एकेक करून तक्त्याला लाव. जी परिस्थिती आरोपीपुढे ठेवलीच नाही ती विरोधात धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या सारडा निकालातच आहे. मात्र नंतरच्या निकालांत त्याने आरोपीचं नुकसान काय झालं ते दाखवायला सांगतात, म्हणून तेही लिही. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं याच निकालातली. ती तुला पाठ आहेत हे तुझ्या पत्रावरून दिसलं. दोन पानं तीच होती. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनाही ती पाठ असतात. त्यांना हवा असतो परिच्छेद क्रमांक.

आपल्याच बाजूचे खड्डेही मोज. बचाव वकिलाने उलटतपासात ‘भांडणात झटापट झाली’ असं सुचवून आरोपीची हजेरी मान्य करून टाकलीय का? २०२३ साली महाराष्ट्रातल्याच एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने अशा सूचना इतर पुराव्याबरोबर विचारात घेता येतात असं ठरवलंय. अशी सूचना असेल तर सरळ निर्दोषत्वाबरोबरच खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा पर्यायी मुद्दाही तयार ठेव.

अपील मेमोतले तुझे ४३ मुद्दे वाचले. ‘विद्वान न्यायाधीशांनी पुराव्याचे योग्य मूल्यमापन केले नाही’ हे त्यात चार वेळा आहे. काढून टाक. आठ-दहा ठेव, प्रत्येकाखाली निशाणी आणि परिच्छेद. या हट्टापायी मला कागदकिडा म्हणणारे आहेत, ‘साहेब बोलतात कमी, पानं उलटतात जास्त’ म्हणणारे अशील आहेत. म्हणोत. दणदणीत युक्तिवाद करणाऱ्यांचं कौतुक व्हायचं तेव्हा मलाही बोचायचं, नाही असं नाही. पण खंडपीठाने ‘हे कुठे आहे?’ विचारल्यावर त्यांची होणारी शांतताही ऐकलीय, आणि त्या शांततेची किंमत वकील भरत नाही.

शिक्षा स्थगितीचा अर्ज, कलम ४३०, अपिलाबरोबरच दे. जन्मठेप असल्याने सरकारी वकिलांना लेखी म्हणणं मांडायची संधी मिळते, तारखा पडतील. तिथे पुरावा चाळत बसायचं नसतं. वरवर पाहताच दिसणारं एकच मोठं भगदाड दाखवायचं: तुझ्या बाबतीत सील. अपील लवकर ऐकलं जाण्याची शक्यता नसेल तर १९७७ चा काश्मिरा सिंग निकाल जोड. आरोपी खटल्यादरम्यान जामिनावर होता आणि अटी पाळल्या होत्या का, हे शपथपत्रात घाल.

मूळ रेकॉर्ड हायकोर्टात आलं की पेपरबुकवर, म्हणजे हायकोर्टासाठी टंकून बांधलेल्या प्रतींवर, विसंबू नकोस. पेपरबुकात पंचनाम्याची टंकलेली प्रत असते. खाडाखोड, वेगळ्या शाईतली वेळ, मागाहून घुसवलेली ओळ त्यात दिसत नाही. मूळ कागद पाहण्याचा अर्ज कर, आणि निशाणीच्या यादीशी एकेक ताडून बघ. गहाळ असेल ते सुनावणीच्या आधी कोर्टाच्या नजरेला आण.

तक्ता झाला की मला पाठव. निकालपत्राचा रकाना रिकामाच ठेवून पाठव. आणि सीएचं फॉरवर्डिंग पत्र स्कॅनमध्ये कुठेच सापडलं नाही. ते निशाणीच पडलेलं नाही की स्कॅन करायचं राहिलं, हे उद्या सोलापूरला फोन करून आधी विचार.