टायब्रेकरवर जिंकलो, तरी शिव्या नव्या स्ट्रायकरलाच का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: २१ एप्रिल २०२४ ला एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेच्या, सेमीफायनलमध्ये मँचेस्टर युनायटेडनं कव्हेंट्रीला टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्ट्यांवर, हरवलं. शेवटची, निर्णायक पेनल्टी युनायटेडचा नवा स्ट्रायकर रॅस्मस होयलुंड यानंच मारली. तरी तुमच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी 'हा स्ट्रायकर फुकट गेला' हाच सूर. मग जिंकल्यावरही त्याच्यावरच का घसरतात, आणि नवा स्ट्रायकर एका मॅचवरून ओळखता येतो का?

मी कोल्हापूरचा. युनायटेडला टीव्हीवर बघतो आणि आमच्या तालमीच्या टीमला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून. दोन्हीकडे हे भांडण इतक्यांदा ऐकलंय की माणसं बदलली तरी वाक्यं तीच असतात.

त्या रविवारी आपल्याकडे रात्री आठला मॅच सुरू झाली. ५८ व्या मिनिटाला युनायटेडच्या ब्रुनोनं तिसरा गोल मारला तेव्हा आमच्यातला एकजण गाडीची किल्ली शोधायला लागला होता, मॅच संपली म्हणून. कव्हेंट्री दुसऱ्या डिव्हिजनची टीम. पण त्यांचे गोल आले, ७१ ला सिम्स, ७९ ला ओ'हेअर, आणि भरपाईच्या वेळेत राइटची पेनल्टी. ३-३. जादा वेळेच्या अगदी शेवटी कव्हेंट्रीच्या टॉर्पनं चौथा घातला, आम्ही डोकं धरून बसलो, आणि व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी, पायाच्या बोटाएवढ्या ऑफसाइडवर तो गोल काढून घेतला. टायब्रेकरमध्ये आमच्या कासेमिरोची पहिलीच पेनल्टी अडली. त्यानंतर आमचा गोली ओनानानं एक अडवली, कव्हेंट्रीच्या शीफनं एक बारवरून घालवली, आणि पाचवी घ्यायला आला होयलुंड. वय २१. घातली. ४-२.

आता सांगा, यात होयलुंडचा गुन्हा काय? तीन गोल बचावानं खाल्ले. सेंटर बॅक इतके जखमी होते की कासेमिरोसारखा मिडफिल्डर मागं खेळत होता. पण होयलुंडला १२० मिनिटांत गोल नव्हता, आणि तेवढं पुरतं.

माझं मत असं आहे, की थोडक्यात जिंकलेली मॅच हरलेल्या मॅचपेक्षा जास्त भांडणं लावते. हरलं की शिव्या वाटून जातात, कोचला चार, गोलीला दोन, मालकाला उरलेल्या सगळ्या. जिंकलं की कोचला बोलायची सोय राहत नाही, गोल मारणारे तर हिरोच. पण जीव टांगणीला लागला होता त्याचा राग तर आत तसाच असतो. तो कुणावर तरी निघायला हवा. मग जो नवा आहे, ज्याच्यावर अजून कुणाचं प्रेम बसलेलं नाही आणि ज्याची किंमत सगळ्यांना पाठ आहे, तो सापडतो. होयलुंडची किंमत शाळेतल्या पोरालाही माहीत होती: ६ कोटी ४० लाख पौंड, वर आणखी ८० लाखांची शक्यता. त्याच बचावात हॅरी मॅग्वायर होता, पण त्याला शिव्या देऊन लोक आधीच दमले होते.

आमच्या गॅलरीतही हेच होतं. पेठ सांगत नाही, सांगितली तर या उत्तराखाली मारामारी होईल. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमनं सीझनच्या मध्यात एक नायजेरियन फॉरवर्ड आणला. उंच, पाय लांब, आल्या आल्या पोरांनी त्याच्याबरोबर सेल्फी काढले. पहिलीच कपची मॅच, ०-० वरून टायब्रेकर, आणि आम्ही जिंकलो. हलगी वाजत होती, गुलाल उडत होता, आणि माझ्या मागच्या पायरीवर एकजण घसा फोडून सांगत होता, "जिकलं म्हणून काय झालं? ह्या गड्याला पळता तरी येतंय काय? पैसं पाण्यात गेलं!"

माझ्या शेजारी आबा बसले होते. आबा म्हणजे वय सत्तरच्या पुढं, डोक्यावर टोपी, हातात शेंगांचा पुडा. स्वतः तरुणपणी अनवाणी खेळलेले. मॅचभर मी बघत होतो, ते टरफलं खाली टाकत नव्हते. काही उजव्या मांडीवर ठेवत होते, काही डाव्या. मला वाटलं वय झालं. शेवटी न राहवून विचारलं, "आबा, हे काय चाललंय तुमचं?"

"बॉल मोजतूय," आबा म्हणाले. "बॉक्समधी त्यो नीट तोंड करून हुभा हाय आन् बॉल मिळाला, का एक उजवीकडं. त्यो पळाला, मोकळा झाला, आन् कुणी दिलाच न्हाई, का एक डावीकडं."

उजव्या मांडीवर तीन टरफलं होती. डावीकडची मी मोजायला गेलो तर आबा उठले आणि सगळी सांडली, पण दहाच्या वर नक्की होती. मग मागं वळून त्या ओरडणाऱ्याला म्हणाले, "तीन बॉलात गोल मार म्हंतूस व्हय रं? तुला तीन घासात पोट भरतंय काय?"

टरफलांची ही पद्धत मी होयलुंडवर वापरून बघितली, काडेपेटीतल्या काड्या घेऊन. कव्हेंट्रीच्या मॅचला ती सिम्सच्या गोलनंतर कोलमडली, काड्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. पण त्या अख्ख्या सीझनमध्ये एक गोष्ट दिसत होती. डावीकडून युनायटेडचाच रॅशफर्ड बॉल घेऊन उजव्या पायावर आत येई आणि स्वतःच शॉट मारी. उजवीकडं गार्नाचोचा पिंडही तोच, पहिला विचार शॉटचा. होयलुंड पहिल्या पोस्टकडं पळे, डिफेंडरला ओढून नेई, बॉल येत नसे, हात वर करून परत येई.

आकडे बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये इटलीतल्या अटालांटा क्लबकडून आला तो पाठीचं दुखणं घेऊन. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र बायर्नविरुद्ध एक, गालातासरायविरुद्ध दोन, कोपनहेगनविरुद्ध दोन. तिन्ही मॅच युनायटेड हरलं, त्यामुळं ते पाच गोल कुणाच्या लक्षातच राहिले नाहीत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पहिला गोल यायला २६ डिसेंबर उजाडला, अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध, ०-२ वरून ३-२ झालेल्या मॅचचा शेवटचा. आणि तो धरून, खेळलेल्या सलग सहा लीग मॅचमध्ये गोल. एवढ्या कमी वयात ते आधी कुणी केलं नव्हतं. लूटनविरुद्ध तर पहिलं मिनिट संपायच्या आतच बॉल जाळ्यात. त्यानंतर दुखापत, आणि परत सगळं थंड. म्हणजे डिसेंबरच्या मध्यात तुम्हाला हा पोरगा बोगस वाटला असता आणि फेब्रुवारीत हिरा. एका मॅचवरून कळतं का, याचं उत्तर इथंच आलं. दहा मॅचवरूनही कळत नाही.

एर्लिंग हालांडचं तर सगळ्यांना आठवत असेल. जुलै २०२२, सीझन उघडणारी कम्युनिटी शील्डची मॅच, मँचेस्टर सिटी लिव्हरपूलकडून ३-१ हरलं, आणि सिटीच्या या नव्या स्ट्रायकरनं शेवटी समोर मोकळं पोस्ट असताना बॉल बारवर मारला. लिव्हरपूलच्या नव्या नुन्येझनं त्याच मॅचमध्ये गोल केला होता. त्या रात्री कोण भारी यावर जे जे लिहिलं गेलं ते आज वाचायला मजा येते. हालांडनं त्या सीझनला लीगमध्ये ३६ मारले, नुन्येझनं ९. युनायटेडचाच फोर्लान घ्या: जानेवारी २००२ ला आला, पहिला गोल सप्टेंबरात. तोच माणूस २०१० च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, अर्थात तोवर युनायटेड सोडून सहा वर्षं झाली होती.

आता ग्रुपवरच्या तुमच्या मित्रांच्या बाजूनंही बोलायला हवं, कारण ते अगदीच खुळे नाहीत. त्याच कपच्या फायनलला सिटीविरुद्ध तेव्हाचा कोच टेन हागनं होयलुंडला सुरुवातीला बेंचवर बसवलं आणि २-१ नं कप जिंकला. पुढच्या सीझनला लीगमध्ये त्याचे गोल फक्त चार. बॉल न मिळणं हे कारण होतंच, पण मिळाल्यावर पहिला टच लांब जायचा आणि पाठीवर डिफेंडर घेऊन बॉल धरून ठेवणं त्याला जड जायचं, हे मीही बघितलंय. २०२५ मध्ये युनायटेडनं दुसरा स्ट्रायकर सेस्को आणला आणि होयलुंड नापोलीला गेला. म्हणजे टीका करणारे शेवटी बरोबर ठरले असं म्हणता येईल. फक्त कव्हेंट्रीच्या रात्री त्यांच्याकडं त्याचा पुरावा नव्हता, नुसता राग होता.

आमचा नायजेरियन? दुसऱ्या सीझनला शेजारच्या पेठेनं नेला. आमच्याविरुद्ध दोन मारले. मागचा ओरडणारा तेव्हा म्हणाला, "मी पयल्यापासनं सांगत हुतो, सोडू नका ह्याला." खोटं वाटेल, पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

एक अडचण सांगतो. टीव्हीवर आबांची पद्धत नीट जमत नाही. कॅमेरा बॉलच्या मागं जातो, आणि स्ट्रायकरचं निम्मं काम बॉल नसलेल्या बाजूला चालतं. त्यानं कुठून धाव सुरू केली, कुणाला चकवलं, हे चौकटीबाहेर राहतं. आपल्याला दिसतो तो शेवटचा चुकलेला शॉट. त्यासाठी मैदानावरच जायला लागतं. उन्हाळ्यात कोल्हापूरला आलात तर चारच्या मॅचला शाहू स्टेडियमवर या. शेंगा मिरजकर तिकटीवरून घ्या आणि बसायला एक वर्तमानपत्र ठेवा बरोबर, पायऱ्या संध्याकाळपर्यंत तापलेल्या असतात.