कंबरेवर हात ठेवलेस, पण त्याला कळलं का?

पोरी,

जळगावच्या बास्केटबॉल सामन्यात तू रेफरी होतीस, आणि नंतर निरीक्षकांनी ‘अनावश्यक हातवारे’ म्हणून तुझे मार्क कापले. फोनवर तू विचारलंस, हे हातवारे बंद करू का? नाही. अजिबात नाही.

पुस्तकाप्रमाणे त्यांचं बरोबरच आहे. फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमावलीत छापलेत तेवढेच इशारे अधिकृत. स्कोअररच्या टेबलाकडे तोंड केलंस की तेच दाखवायचे: खेळाडूचा नंबर, फाउलचा प्रकार, फ्री थ्रो किती किंवा चेंडू कुणाकडे. तिथे जादा बोट हललं तर स्कोअरर भलत्याच्या नावापुढे फाउल चढवतो, आणि पाचवा असला तर पोरगं बाहेर बसतं. तिथे तुझी हौस नको.

पण खेळाडू म्हणजे टेबल नव्हे, गं! ब्लॉकिंगला, म्हणजे वाट अडवल्याच्या फाउलला, तू दोन्ही हात कंबरेवर ठेवतेस. धुळ्याचा तो उंच पोरगा ‘कसाले, मॅडम?’ म्हणून बघत राहतो. त्याच्या मते तो आधीच उभा होता. होताच: दोन्ही पाय जमिनीवर, तोंड समोरच्याकडे. बाजूला किंवा मागे सरकला असता तरी चाललं असतं. ऐन वेळी पुढे घुसला, तिथे फसला. हे कंबरेवरच्या हातांतून त्याला कसं कळणार? तळहात एकदा पुढे सरकव. झालं. खेळाडूला कारण कळलं पाहिजे.

तो कसा धडपडला याची नक्कल मात्र करायची नाही. असले रेफरी मला सहन होत नाहीत. एक इशारा, एकदाच. त्यावर वाद घालत बसायचं नाही.

माझं नाव रेफरींच्या वरच्या पॅनलवर कधी गेलं नाही. अहवालात दर वेळी हेच हातवारे. वाईट वाटायचं, अजूनही वाटतं. पण भुसावळच्या उघड्या सिमेंट कोर्टवर, मे महिन्यात, पोरं आधीच तापलेली असताना कारण दाखवलं की ती गप खेळायला लागायची. जे दाखवत नसत त्यांच्याच सामन्यांत टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचे फाउल, जास्त व्हायचे, असं मी आजही म्हणतो. पुरावा मागू नकोस, माझ्याकडे कागद नाही. खेळाडूला कारण कळलं पाहिजे, एवढंच मला कळतं. पुन्हा मार्क कापले तर कापू देत, त्यासाठी मला फोन करू नकोस.

जेवायला मात्र ये. काकू विचारत होती.

— सर

ता. क. सोळा नंबर दाखवताना एक हा आकडा हाताची मागची बाजू पुढे करून दाखवायचा, मग सहा उघड्या हातांनी. तू अजून उलटं करतेस. त्याचे मार्क मीही कापले असते.