अमेरिकेत विद्यापीठं आपली क्रीडा कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांची लीग, बदलतात, त्याचा छोट्या लीगना फटका कसा बसतो?
एकाने दुसऱ्याचे संघ उचलायचे, दुसऱ्याने तिसऱ्याचे. पॅक-१२ या लीगचंच बघा. टीव्हीच्या पैशासाठी २०२४ मध्ये तिथून दहा विद्यापीठं गेली. उरली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. अमेरिकन फुटबॉलच्या वरच्या पातळीवर टिकायला लीगमध्ये आठ संघ लागतात, म्हणून त्यांनी २०२६ साठी माउंटन वेस्ट या लीगमधले बॉइझी स्टेटसह पाच संघ फोडले. माउंटन वेस्टने मग कॉन्फरन्स यूएसए या लीगमधलं टेक्सास-एल पासो विद्यापीठ घेतलं. तळाशी असलेल्या लीगच्या हाती खालच्या विभागातले नवखे संघ वर आणणं, एवढंच उरतं.

मला खरं वाईट वाटतं ते इतर खेळांतल्या मुलामुलींचं. पॅक-१२ सोडून गेलेल्या, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या व्हॉलीबॉल खेळाडूंना आता लीगच्या सामन्यांसाठी पार पूर्व किनाऱ्यापर्यंत विमानाने जावं लागतं, आणि अभ्यास काही थांबत नाही.