तेरा पूर्ण व्हायच्या आत घर घ्यायचंच का?

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीतून एका वडिलांचं तीन पानी पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

‘मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला. आता आयटीत आहे. मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही इथे आलो, तेव्हापासून भाड्याने राहतो. ती सातवीत आहे, ऑक्टोबरमध्ये तेरा पूर्ण होतील. अभ्यासात चांगली आहे, व्हायोलिन वाजवते. इथली शाळा बरी आहे, पण राज्यात पहिल्या पाचांत असलेल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (घराच्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते, तो विभाग) एक घर मिळतंय. किंमत झेपण्याच्या दीडपट आहे. माझं जाणं-येणं रोज साडेतीन तासांवर जाईल आणि पत्नीला अर्धा झालेला कोर्स सोडून नोकरीचे तास वाढवावे लागतील. मुलगी अ‍ॅडजस्ट होईल. तेराच्या आत चांगल्या भागात नेलं तर मुलांची पुढची कमाई वाढते, असं संशोधन आहे. तिलाही सांगितलंय की हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय. आम्ही एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहोत, ग्रीन कार्डची प्रायॉरिटी डेट (रांगेतली आमची तारीख) २०१८ ची, मुलगी एच-४वर (आमच्यावर अवलंबून म्हणून मिळालेल्या व्हिसावर). पण तो विषय वेगळा. महिनाअखेर सही करायची आहे. टॉप डिस्ट्रिक्टचा पुढे आयुष्यात फायदा होतो की नाही, एवढंच स्पष्ट सांगा.’

खाली मुलीच्या आईने दोन ओळी जोडल्या आहेत: ‘ती व्हायोलिन नाही, व्हायोला वाजवते. आणि गेले दोन आठवडे जेवताना एक शब्द बोलत नाही.’

नमस्कार,

एवढंच स्पष्ट सांगा म्हणालात, म्हणून आधी तेवढंच सांगते. आज जिथे आहात तिथून उठून पहिल्या पाचांतल्या डिस्ट्रिक्टमध्ये गेल्याने तुमच्या मुलीच्या चाळिशीत दिसेल असा फरक पडेल, असं मला वाटत नाही. हे घर घेऊ नका.

आता ज्या ओळीपाशी मी अडकले, तिच्याकडे येते. ‘तिलाही सांगितलंय की हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय.’ तुम्ही प्रेमानेच म्हणाला असाल. पण बारा वर्षांच्या पोरीच्या कानांनी ऐकून पाहा. बाबा पहाटे अंधारात निघणार, माझ्यामुळे. आईचा कोर्स सुटणार, माझ्यामुळे. आणि मी तर काही मागितलंही नव्हतं! उद्या एखाद्या टेस्टमध्ये ‘ए’ऐवजी ‘बी’ मिळाला, तर तो तिच्या मनात घराच्या हप्त्याशेजारी जाऊन बसेल. तुम्हाला रागवावंही लागणार नाही. रात्री साडेआठला थकून घरात शिरताना ‘काय गं, गणिताचं काय झालं?’ एवढं सहज विचारलंत तरी तिला पुरेल. अशी मुलं माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांना नापास व्हायची भीती नसते. ती क्वचितच नापास होतात. ‘एवढं केलं त्यांनी माझ्यासाठी’ हे वाक्य मात्र ती खाली बघून म्हणतात. त्यातली कितीतरी मुलं विसाव्या वर्षी आवडीचा विषय निवडू शकत नाहीत, कारण आपल्यावरचं देणं फिटलंय की नाही हे त्यांना कधीच कुणी सांगितलेलं नसतं.

जेवताना ती बोलत नाही, असं वहिनी लिहितात. तुमच्या ‘अ‍ॅडजस्ट होईल’ची सुरुवात ही अशी झाली आहे.

तुम्ही पत्रासोबत अकरा रकान्यांची एक्सेल शीट पाठवलीत. रँकिंग, एसएटीची (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची) सरासरी, एपी (हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या) विषयांची संख्या, प्रॉपर्टी टॅक्स, स्टेशनपर्यंतचं अंतर, सगळं आहे. व्हायोलाचा रकाना नाही. नव्या हायस्कूलचा ऑर्केस्ट्रा कसा आहे, तिथे कोण शिकवतं, आत्ताच्या शिक्षकांकडे ती शनिवारी कशी पोचणार, यातलं काहीच नाही. अर्थात त्यासाठी आधी वाद्याचं नाव माहीत असावं लागतं. टोचलं असेल तर टोचू द्या.

हे वेड तुमच्या एकट्याचं नाही आणि अमेरिकेतलंही नाही. आपल्याकडे बारावीसाठी आई मुलाला घेऊन लातूरला खोली करून राहते आणि बाप गावाकडे एकटा भाकरी थापतो, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. फरक इतकाच, की लातूरची खोली दोन वर्षांनी सोडता येते. तुमचं कर्ज तीस वर्षांचं आहे.

आता तेराव्या वर्षाबद्दल. तुमची सगळी घाई त्यातून आली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही म्हणता ते संशोधन खरं आहे, फक्त ते तुमच्याबद्दल नाही. १९९४ ते १९९८ दरम्यान अमेरिकी सरकारने बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत एक प्रयोग केला. अत्यंत गरीब वस्त्यांमधल्या सरकारी घरांत राहणारी सुमारे ४,६०० कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यातल्या काहींना कमी गरिबीच्या भागात भाड्याने राहण्यासाठी व्हाउचर दिली. राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१५ मध्ये त्या मुलांची पुढची कमाई तपासली. तेरा वर्षांच्या आत असताना ज्यांचं कुटुंब व्हाउचर वापरून हललं, ती मुलं पंचविशीच्या आसपास सुमारे ३१ टक्के जास्त कमवत होती. तेरानंतर हललेल्यांना फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं. म्हणजे उडी होती ती गोळीबाराच्या आवाजात वाढण्यापासून शांत गल्लीत वाढण्यापर्यंतची. तिचे आकडे तुम्ही ‘बऱ्या’ शाळेपासून ‘पहिल्या पाचांतल्या’ शाळेपर्यंतच्या उडीला लावलेत. ज्याला पोटभर मिळत नव्हतं त्याला दूध दिलं आणि तो वाढीला लागला, म्हणून रोज दूध पिणाऱ्याला दुप्पट पाजून काय होणार? आणि तेरा हा काही मुहूर्त नाही. ती रेषा संशोधकांनी मुलांचे गट पाडण्यासाठी आखलेली होती. मुलीच्या वाढदिवसाला तुमच्या घरातली कुठलीच खिडकी बंद होणार नाही.

तुमच्या मुद्द्याच्या जास्त जवळचं काही हवं असेल तर तेही सांगते. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये परीक्षा घेऊन प्रवेश देणारी नामांकित सरकारी हायस्कूलं आहेत. कटऑफच्या किंचित वर गुण मिळून आत गेलेली मुलं आणि किंचित खाली राहून बाहेर राहिलेली मुलं यांची तुलना अब्दुलकादिरोलू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. आत गेलेल्यांचे पुढच्या परीक्षांतले गुण जवळजवळ वाढलेच नव्हते. शाळा उत्तम दिसत होती, कारण मुलं आधीच उत्तम होती.

रँकिंगचंही तेच. त्यात गुणांना वजन असतं आणि गुण आईबापांच्या शिक्षणाच्या, कमाईच्या मागोमाग चालतात. तुमचं कुटुंब तिथे गेलं तर रँकिंगला तुमचा उपयोग होईल, तुम्हाला रँकिंगचा किती होईल ते मी सांगू शकत नाही. घराच्या किमतीत मात्र ते चोख उतरतं. सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांत शाळेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून पाहिली. परिसर तोच, फक्त शाळा वेगळी. गुण ५ टक्के जास्त असलेल्या शाळेसाठी लोक सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते. वर न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सर्वांत जास्त. राज्याची सरासरीच २०२४ मध्ये वर्षाला १० हजार डॉलरच्या पुढे गेली, आणि हप्ते फिटले तरी तो फिटत नाही.

तुम्ही स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून तिथवर पोचलात, मग शाळेचं एवढं काय, असं मी म्हणेन अशी तुमची अपेक्षा असेल. नाही म्हणणार. तुमच्या वर्गातले बाकीचे कुठे आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गळकं छप्पर, दोन वर्गांना मिळून एक शिक्षक, घरात पुस्तक नाही, अशा ठिकाणी शाळेने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुमच्या लेकीच्या घरात दोन पदवीधर आईबाप आहेत आणि शाळेत ऑर्केस्ट्रा आहे.

वरच्या डिस्ट्रिक्टमध्ये काय चालतं तेही ऐका, कारण ओपन हाऊसच्या (घर दाखवायच्या) दिवशी रिअल्टर (घरांचा दलाल) ते सांगत नाही. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टचे प्रमुख अधिकारी (सुपरिंटेंडंट) डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी २०१५ मध्ये पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. त्याआधीच्या वर्षात मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या १२० मुलांची मानसिक तपासणी करून घ्यायला सांगावं लागलं होतं, ४० जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. त्यांनी मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठाशिवायच्या ठरवल्या. त्याला ठाम विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे आशियाई पालक पुष्कळ होते, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. २०१८ मध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या अहवालाने किशोरवयीन मुलांच्या स्वास्थ्याला धोका देणाऱ्या परिस्थितींमध्ये गरिबी, आघात आणि भेदभाव यांच्याबरोबर पुढे राहण्याचा अतिरेकी दबावही धरला. तिथली सगळीच मुलं खचतात असं नाही. कित्येक मजेत वाढतात. पण घरातून देणं घेऊन येणाऱ्या मुलीने तिथे जाऊ नये, असं माझं मत आहे.

कॉलेज प्रवेशाचं म्हणाल, तर अर्ज वाचणारे शाळेचं प्रोफाइल शेजारी ठेवूनच वाचतात. एकाच शाळेतून दीडशे हुशार मुलं त्याच पंधरा कॉलेजांत अर्ज टाकतात तेव्हा पहिली झुंज आपल्याच बाकावरच्या मैत्रिणीशी होते. एसएटी, एपी तुमच्या आत्ताच्या गावातही आहेत. आणि विज्ञान-गणिताची खरी हौस तिला असेल (तिला, तुम्हाला नव्हे) तर आठवीत काउंटीच्या एडिसन किंवा वुडब्रिजच्या मॅग्नेट स्कूलसाठी (खास विषयांवर भर देणाऱ्या, निवडून प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळेसाठी) अर्ज करता येतो. त्यासाठी डिस्ट्रिक्ट बदलावा लागत नाही.

आणि आता तुमचा तो ‘वेगळा विषय’. साहेब, तो वेगळा नाही. माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा विषय तोच आहे आणि तुम्ही त्याला दीड ओळ दिलीत. मुलगी भारतात जन्मली, एच-४वर आहे. प्रत्येक देशाला ग्रीन कार्डात सात टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे नोकरीमार्गे जाणाऱ्या भारतीयांची रांग दहा वर्षांहून जास्त लांबली आहे. ती एकवीसची होईपर्यंत तुमचा नंबर लागला नाही, तर तिचं एच-४ संपेल आणि वाढली त्या देशात तिला परदेशी विद्यार्थिनी म्हणून एफ-१ काढावा लागेल. आत्ताही तिला अमेरिकी केंद्र सरकारची शैक्षणिक मदत नाही, उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात पगारी काम करायची परवानगी नाही. कॉलेजचा खर्च म्हणजे जवळपास सगळा तुमच्या खिशातून. आणि नेमकी तीच शिल्लक तुम्ही विटांत घालायला निघालात. तुमची नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची असते, हेही तुम्हाला ठाऊक आहे, मग दीडपट घर कुणाच्या भरवशावर?

तेव्हा महिनाअखेर सही करायची नाही. त्याआधी इमिग्रेशन वकिलाची तासाभराची वेळ घ्या. ग्रीन कार्डासाठी तिच्या वयाचं गणित करताना आय-१४० अर्ज (तुमच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला) जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस तिच्या वयातून वजा होतात. ते किती, हे कागद दाखवून विचारा. राज्य विद्यापीठात तिला कुठल्या दराने फी लागेल हे थेट विद्यापीठाकडून लेखी घ्या. कॅनडा, युरोप, आणि हो, भारतातली कॉलेजं, हे पर्याय कागदावर मांडा. त्यातले दोन रस्ते पुढे बंद झाले तरी तिसरा हाताशी राहील. वहिनींचा कोर्स पूर्ण होऊ द्या. घरात दुसरा भक्कम पगार येणं हे मुलीसाठी कुठल्याही रँकिंगपेक्षा जास्त कामाचं आहे.

लेकीला एवढंच सांगा, की घर घेत नाही आहोत आणि त्याचं कारण तू नाहीस. व्हिसाचं मात्र तिला आडून-आडून कळू देऊ नका. तेरा हे वय ते समजण्याइतकं मोठं आहे. तिला मला काही लिहावंसं वाटलं तर तिचं पत्र वेगळं येऊ दे, तुम्ही न वाचता. मराठीत लिहायला जड जात असेल तर इंग्रजीत चालेल.