रंगमंचावरचे फादर

प्रश्न : आमच्या मोहल्ल्यातली हौशी मंडळी चर्चमधल्या दोन धर्मगुरूंवर नाटक बसवतेय. प्रयोग मे महिन्यात, नागपुरातच. झगे स्वस्तात कसे शिवावेत?

उत्तर : मे महिना आहे, तेव्हा टेरिकॉटच्या वाटेला जाऊच नका. इतवारीतून सुती पॉपलिन आणा. साडेपाच फुटी नटाला ४४ इंच पन्ह्याचं साडेचार मीटर धरा. आपल्याकडचे फादर पांढरा झगा सर्रास घालतात, पण दिव्यांखाली शुभ्र कापड डोळ्यांवर येतं. मोतिया रंग घ्या. घेर जमिनीपासून दोन इंच वर हवा, नाहीतर पायरी चढताना नट स्वतःच्याच झग्यावर पाय देतो. समोरची बटणं नुसती शोभेची, आत टिचबटणं लावा. वेल्क्रो नको, विंगेत चर्रकन वाजतो. गळपट्टी, म्हणजे फादरांची पांढरी कॉलर, पुठ्ठ्याची केली तर दुसऱ्या अंकापर्यंत घामानं लोळते. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची तीन सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, कडा घासून घ्या.

हमखास चूक होते ती गळ्यातल्या पट्ट्याची, म्हणजे स्टोलची. धर्मगुरूचा स्टोल दोन्ही खांद्यांवरून समोर लोंबतो. डाव्या खांद्यावरून तिरपा असतो तो डीकनचा, म्हणजे धर्मगुरूच्या एक पायरी खालच्याचा. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा प्रसंग असेल तर जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा. सदर भागातल्या कॅथेड्रलमध्ये एखाद्या रविवारी मागच्या बाकावर बसा. गुडघे टेकताना झगा कसा सावरतात, ते तालमीत शिकवून येत नाही.