रॅकवरच्या रोपांना सारखा उजेड हवा, तर कडा सांभाळा

भाऊ, एकच मोठा दिवा मधोमध टांगायचा विचार सोडा. मधली रोपं ठेंगणी आणि दणकट होतात, कडेची उजेडाकडे माना वाकवून लांबुळकी वाढतात. तेवढ्याच वॅटच्या चार-सहा एलईडी पट्ट्या करा. त्याही समान अंतरावर नकोत. मधे विरळ, कडेला दाट लावा, कारण मधल्या रोपाला दोन्ही बाजूंचा उजेड मिळतो, कडेच्याला एकाच बाजूचा. रॅकच्या बाजूंना पांढरा रंग द्या.

मोजल्याशिवाय पट्ट्या पक्क्या करू नका. ट्रेच्या जागी वीतभर अंतरावर खुणा करा, प्रत्येक खुणेवर मोबाइल उताणा ठेवून लक्स मीटर ॲपमधला लक्सचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा लिहून घ्या. पट्ट्या एकाच प्रकारच्या असतील तर तुलनेला लक्स पुरतो. कोपऱ्याचा आकडा सरासरीच्या ८० टक्क्यांखाली गेला, तर पट्ट्या कडेला सरकवा किंवा थोड्या वर घ्या.

जोडणी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, आणि कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरवर (ठरावीक करंट देणाऱ्या वीजपुरवठ्यावर) करा, म्हणजे सगळ्या पट्ट्यांतून सारखाच करंट जातो. एकूण व्होल्टेज ६० व्होल्टच्या आत ठेवा.

आता आपल्या मराठवाड्याचं खरं दुखणं, उन्हाळा. मे महिन्यात लातूर-नांदेडकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी दिवे लावणं म्हणजे एलईडीचं आणि रोपांचं दोघांचंही नुकसान. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या चॅनलवर बसवा, ड्रायव्हर रॅकबाहेर ठेवा आणि खोली अंधारी असेल तर टायमर संध्याकाळपासून सकाळपर्यंत लावा. रोपांना उलटा दिवस चालतो, रोज वेळ मात्र तीच हवी.